झाकणाखालचं पाणी

लोक माशांच्या टाकीपुढे उभे राहतात आणि मासे बघतात. मी झाकण बघतो. काच कापायची हिरकणी हातातून सुटली त्याला बरीच वर्षं झाली, आता स्वतःचा चष्माही मला धड पुसता येत नाही. पण कुणाच्या बैठकीत टाकी दिसली की माझी मान आपोआप वाकते आणि डोळा झाकणाच्या खालच्या अंगाला जातो. थेंब कुठं धरलेत, कुठून ओघळतात, बल्बाच्या होल्डरला गंज चढलाय का, हे बघितल्याशिवाय मला समोर ठेवलेली कॉफी गोड लागत नाही. नातसून दंडाला धरून सरळ करते आणि कानात सांगते की पाहुण्यांच्या घरी असं वाकून बघू नये. तिचंही बरोबर आहे.

दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा असं पत्र आलं तेव्हा मी आधी हात झटकले. आम्ही तंजावूरचे मराठे. आमचं मराठी घरात बोलायचं, हिशेब तमिळमध्ये आणि देवनागरी पंचांगापुरती. शेवटी मी बोलत गेलो आणि सुनेनं लिहून घेतलं. ती कोल्हापूरकडची, तिनं माझं पुष्कळ बोलणं सरळ केलंय. जे वाकडं राहिलं असेल ते माझं समजा आणि सोडून द्या.

आमचं दुकान राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. मूळ धंदा चौकटींचा. तंजावूरची सोन्याच्या वर्खाची चित्रं तुम्ही बघितली असतील, कृष्ण गुबगुबीत आणि दागिने खरेच वाटावेत असे उठून आलेले. तो उठाव खडूच्या लेपाचा असतो, आणि त्या लेपाचा एकच वैरी, ओल. म्हणून माझ्या आजोबांपासून आमच्या घरात एकच शिकवण, काचेच्या आत दमट हवेचा कणसुद्धा जाता कामा नये. अशा घरात वाढलेल्या माणसाकडे पन्नास सालानंतर कधीतरी एक डॉक्टर आले आणि म्हणाले, काचेच्या आत पाणी राहील अशी पेटी करून द्या. बाबा हसले. मला मात्र ती गोष्ट चढली. पुढची वीस-पंचवीस वर्षं मी चित्रांच्या चौकटी पोटासाठी केल्या आणि टाक्या हौसेसाठी. गावात माझं नाव कण्णाडीराव पडलं. कण्णाडी म्हणजे तमिळमध्ये काच, आणि राव आम्ही लावतोच सगळ्याला.

त्या काळची टाकी म्हणजे लोखंडी अँगलची चौकट आणि तिच्यात बसवलेल्या काचा. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून लांबी, म्हणजे सांधे बुजवायचा लगदा, करायची, ती सांध्यात भरायची, काच दाबून बसवायची आणि पाणी भरून वाट बघायची. आतल्या पाण्याचा दाबच काच चौकटीला घट्ट करतो. हे काम जमायला मला एक उन्हाळा लागला. झाकण जमायला कितीतरी वर्षं गेली.

झाकण लागतंच. मासा उडी मारून जमिनीवर येतो, छतावरची पाल पाण्यात पडते, मांजर तर विचारूच नका. शिवाय उजेड हवा. म्हणून वर पत्र्याचा टोप, त्याच्या आत बल्ब. आता भाताच्या पातेल्यावर ताटली ठेवा आणि थोड्या वेळानं उचलून बघा. तेच इथं होतं. संध्याकाळभर बल्ब जळतो, खालचं पाणी कोमट होतं, त्याची वाफ वर जाऊन पत्र्याला चिकटते. बल्ब मालवला की पत्रा गार आणि त्याला दाण्यांसारखे थेंब. मार्गळीच्या, म्हणजे तुमच्या मार्गशीर्ष-पौषाच्या गार पहाटे तर टोपाखाली पाऊस पडतो. मग पत्रा गंजतो, तांबडं पाणी टाकीत उतरतं, एखादा थेंब तापल्या बल्बावर पडला की बल्ब फुटतो, आणि होल्डरला ओला हात लागला तर माणूस उडतो. लोक माझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, कण्णाडीराव, हे पाणी बंद करा. ते बंद होत नाही. पाणी आहे, ऊब आहे, वर गार काहीतरी आहे, तर थेंब धरणारच. ते कुठं पडावेत एवढंच आपल्या हातात असतं.

माझा उपाय साधा होता. टोपाच्या खाली, पाण्याच्या वर, एक साधी काच. ती सपाट ठेवायची नाही, एका अंगानं बोटभर उचलून ठेवायची. चुलीतल्या राखेनं खसखसून घासायची, म्हणजे तेलकटपणा जातो आणि पाणी थेंब न धरता पातळ पडदा होऊन घसरतं. खालच्या कडेला येऊन ते पुन्हा टाकीत. टोपाला मागच्या बाजूनं एक फट ठेवायची, म्हणजे वरची हवा खेळती राहते आणि बल्ब कोरडा. एवढं सांगितलं तरी लोकांना पटायचं नाही. आमच्याकडे एक वकील होते, त्यांनी मला भर रस्त्यात अडवून सांगितलं की तुमची टाकी गळते. मी त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, त्यांचं बोलणं ऐकत बसलो आणि मग आत जाऊन बघितलं. टाकी ठणठणीत. झाकणाचं पाणी बल्बाच्या वायरीवरून चालत चालत भिंतीपर्यंत जात होतं आणि तिथून जमिनीवर. मी वायरीला खाली लोंबता झोका दिला, पाणी झोक्याच्या टोकाला येऊन खालच्या वाटीत पडायला लागलं. वकिलांनी हार मानली नाही. ते म्हणाले, गळत होतीच, आता वाटीत गळते.

दुसरे एक कॉफी हॉटेलचे मालक. त्यांनी टोपाच्या आत जाड पंचा चिकटवला होता आणि तो रोज सकाळी बदलायचे, तान्ह्या मुलाचं दुपटं बदलावं तसा. माशांपेक्षा पंच्याची काळजी जास्त. मी काच बसवून दिली तर त्यांना चुकल्यासारखं झालं, काही दिवसांनी बघतो तर काचेखालीही पंचा. हौस असते एकेकाची.

कमळाक्काच्या टाकीची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती सांगायची म्हणूनच मी एवढं बोलायला बसलोय.

आमच्या गल्लीपासून जवळच तुळसाबाईंचं घर. यजमान ओरत्तनाडूला शेतीवर असायचे, सणावारी यायचे. घर चालवायच्या तुळसाबाई, आणि त्या बोलायला लागल्या की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. थोरला मुलगा सदाशिवराव मद्रासला रेल्वेत होता. लग्न झाल्यावर त्यानं माझ्याकडून टाकी करून घेतली आणि मद्रासहून दुधाच्या किटलीत घालून गौरामी मासे आणले. गौरामी हा मासा वेगळा, तो पाण्यावर तोंड काढून हवाही घेतो. टाकी ठेवायची जागा त्यानंच ठरवली. मधल्या मोठ्या खोलीत, आपल्या खोलीच्या बुटक्या खिडकीला लागून, म्हणजे आतून बायकोला मासे दिसतील. दोन-चार वर्षांत विषमज्वरानं तो गेला. मूलबाळ नव्हतं. त्याची बायको कमळाबाई सासरीच राहिली. माझ्याहून लहान, तरी मी तिला अक्का म्हणायचो आणि ती मला अण्णा.

टाकी तिनं सांभाळली. मी अधूनमधून सांधे बघायला जायचो, तर पाणी आरशासारखं आणि झाकणाची काच राखेनं घासलेली. ती फार बोलायची नाही. त्या घरात तिला बोलायला होतं तरी कोण. मासे खिडकीशी आले की ती त्यांच्याशी पुटपुटायची, हे मी एकदा ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

धाकटा मुलगा माधवराव कलेक्टर कचेरीत कारकून. माणूस वाईट नाही, पण घाई फार. त्याच्या वरच्या साहेबांनी एकदा घरी येऊन टाकी बघितली आणि छान आहे म्हणाले. झालं. माधवरावांच्या मनानं घेतलं की ही टाकी साहेबांच्या बंगल्यावर गेली पाहिजे. दादा तर गेला, मासे कोणाला हवेत, शिवाय टाकीनं भिंतीला ओल येते, असं त्यांचं चाललं होतं. कमळाक्का काही बोलली नाही. तुळसाबाईही काही बोलल्या नाहीत, ते जरा नवलच होतं. पण नवरात्र जवळ आलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं की यंदा कोलूतलं तळं म्हणजे हीच टाकी.

कोलू तुमच्याकडे नाही, म्हणून सांगतो. नवरात्रात आम्ही घरात पायऱ्या उभारून बाहुल्या मांडतो, देव, राजा-राणी, वाणी आणि त्याची बायको, लाकडाच्या, मातीच्या. पायथ्याशी बाग आणि तळं. गल्लीतल्या बायका रोज संध्याकाळी बघायला येतात, गाणं म्हणतात, हळदीकुंकू आणि विडा घेऊन जातात. पहिल्या दिवशी कलश बसला की दसऱ्यापर्यंत कोलूतली एकही वस्तू जागची हलवायची नाही. त्यात काही पडलं, मोडलं, तर सगळ्या घराच्या काळजात धस्स होतं. आणि विधवेनं त्याला हात लावायचा नाही. त्या काळी हे कोणी कोणाला सांगायचंही नाही, सगळ्यांना ठाऊकच असायचं.

पाण्यानं भरलेली टाकी जड, हलवणं शक्य नव्हतं. म्हणून कोलूच टाकीच्या बाजूला आणला. माधवरावांना हे फारसं रुचलं नाही, पण कोलूत बसलेली वस्तू हलवता येत नाही म्हटल्यावर करतात काय. त्यांनी ठरवून टाकलं की दसऱ्याला टाकी साहेबांकडे, आणि त्याआधी काही भानगड झाली तर त्याच दिवशी. आईला ते म्हणाले आणि आई हो म्हणाल्या. मग माधवरावांनी हौसेनं मदतही केली. टोपावर कागदाच्या लगद्याचा निळा कैलास करून ठेवला, त्यावर मातीचे शंकर-पार्वती. तळ्यात उजेड कमी पडतो म्हणून झाकणाखालची माझी काच काढून ठेवली. कैलासाचा पायथा मागच्या फटीवर बसला आणि फट बुजली. हवा बंद, काच नाही, वर कागदाचा डोंगर. त्यांच्या जागी दुसरं कोणीही असतं तर हेच केलं असतं, आमच्या गावात शोभेपुढे वाफेचा विचार कोण करतो.

चार-पाच दिवस गेले असतील, तुळसाबाईंचा निरोप आला की असाल तसे या. गेलो. कोलू दिमाखात होता, पण कैलासाचा पायथा भिजून फुगला होता, निळा रंग ओघळून टोपावर उतरला होता आणि पार्वती शंकराच्या खांद्याकडे नको तेवढी कलली होती. आदल्या संध्याकाळी बायकांच्या ते लक्षात आलं होतं. कोणीतरी मागच्या, कमळाक्काच्या खोलीकडे बघून काहीतरी कुजबुजलं होतं. काय कुजबुजलं असेल ते मला सांगावं लागलं नाही, तुमच्याही लक्षात आलं असेल. माधवराव हातावर हात चोळत उभे होते. म्हणाले, पार्वती खाली आली तर आज संध्याकाळीच गाडी बोलावतो, मग कोलू असो की काही असो.

माझ्या दृष्टीनं प्रश्न सोपा होता. टोप पुढून बोटभर उचलायचा, खाली लाकडाची चीप सरकवायची, हवा खेळली की तासाभरात सगळं कोरडं. तेवढं उचलल्यानं कोलू हलला असं कोण म्हणणार, असं मी तुळसाबाईंना समजावत होतो. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. कमळाक्का गजांच्या पलीकडे उभी होती. ती सहसा अशी मध्ये बोलत नसे.

"अण्णा, उचलू नका. त्यांनी घरटं केलंय."

मी वाकून बघितलं. खिडकीकडच्या कोपऱ्यात, पाण्यावर, साबणाच्या फेसासारखा एक पुंजका तरंगत होता. गौरामीचं घरटं असंच असतं. नर तोंडानं बुडबुडे करून ते बांधतो आणि अंडी त्यात ठेवतो. मी ऐकून होतो, पाहिलं त्या दिवशी पहिल्यांदा. त्या घरट्याला कोमट, दमट, स्थिर हवा लागते. गार वारा आत आला की फेस सुकतो आणि अंडी गेली. पिल्लं निघाल्यावरही वरची हवा उबदार लागते. म्हणजे झाकणाखालची वाफ, जी मी सगळी हयात घालवून देत आलो होतो, ती इथं राहायला हवी होती. पण वरून टपटपणारे थेंबही नकोत, कारण एकेक थेंब पडला की घरट्याचे बुडबुडे फुटत होते. आणि वाफ वरच्या कागदापर्यंतही जायला नको. वाफ राहू द्या, थेंब पडू देऊ नका, डोंगर सुकवा, आणि हे सगळं कशालाही हात न लावता करा. असलं गिऱ्हाईक मला आधी मिळालं नव्हतं.

उपाय तोच होता, माझी काढून ठेवलेली काच. ती घरट्याच्या बाजूनं उंच आणि पुढच्या बाजूनं खाली अशी बसली, तर वाफ खाली राहील, पाणी पुढे घसरून पुढच्या काचेवरून उतरेल, घरट्यावर थेंब नाही, बल्ब आणि डोंगर काचेच्या वर कोरडे. पण ती आत जाणार कशी. टोप उचलायचा नाही. मागच्या फटीवर कैलासाच्या कागदाची कड नुसती टेकली होती, ती बोटानं जरा वर करून काच आत सरकवायला वाट एकच, खिडकीच्या गजांमधून. अख्खी काच गजांतून जात नाही. मी ती अंगणात नेली आणि तिच्या पट्ट्या कापायला बसलो.

चांगली काच कापताना जिवावर येतं, ते चौकटवाल्यालाच कळेल. हिरकणी एकदा टेकली की एका दमात ओढायची, मध्ये थांबलात की काच आपल्या मनानं फुटते. गजांच्या अंतराएवढ्या रुंद पट्ट्या केल्या. त्यांच्या कडा दगडावर पाणी घालून घासल्या. राख मागितली तर तुळसाबाईंनी स्वतः चुलीतली आणून दिली आणि माझ्याशेजारी बसून पट्ट्या घासल्या, एक शब्द न बोलता. त्या शब्द न बोलता बसल्या की मला जास्त भीती वाटायची. बाटलीच्या बुचाच्या चकत्या केल्या, मागच्या कडेवर ठेवून काच उचलायला.

आता त्या आत ठेवायच्या. कमळाक्काच्या खोलीत जाऊन मी खिडकीच्या गजांत हात घातला. मनगटाच्या पुढं जाईना. माझा पंजा म्हणजे फावडं. माधवरावांचा हात जाईना. राहिली कमळाक्का, तिचा हात सहज गेला असता, आणि तिलाच चालत नव्हतं. मी जमिनीकडे बघत होतो.

तुळसाबाई म्हणाल्या, "कमळे, हात घाल."

माधवराव चपापले. वहिनी कोलूला हात लावणार, तोही अष्टमीच्या तोंडावर, गल्लीला कळलं तर काय, असं त्यांनी हळू आवाजात सुरू केलं. तुळसाबाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "कोलू या खोलीत आहे आणि ती तिच्या खोलीत. पुढून शिवायचं नाही, एवढंच मला माझ्या सासूनं सांगितलंय. मागचं कोणी काही सांगितलेलं मला आठवत नाही."

मग ते काम झालं, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी कोलूपुढे मांडी घालून बसलो, नाक टाकीच्या पुढच्या काचेला लावून. पलीकडे, पाण्यातून, कमळाक्काचा चेहरा, हिरवट आणि थोडा लांबट. ती एकेक पट्टी गजांतून आत घ्यायची, फटीतून पाण्यावर सरकवायची, आणि मी सांगायचो, अजून पुढं, उजवीकडं, आता टेकली, सोड. तिला पुढचं टोक दिसत नव्हतं, मला मागचं दिसत नव्हतं. एक पट्टी हातातून सुटली असती तर सरळ घरट्यावर. नर मासा खाली उभा राहून तिच्या बोटांना टोचे मारत होता, घरट्याजवळ आलेला कोणीही त्याला वैरीच. तिचा हात थरथरला नाही. शेवटची पट्टी टेकली तेव्हा माझ्याच कपाळावरून घाम निघून डोळ्यात गेला होता.

संध्याकाळी बल्ब लागला आणि मी मुद्दाम थांबलो. पट्ट्यांच्या खालून पाण्याचा पातळ पडदा धरला, पुढे घसरला आणि पुढच्या काचेवरून सुरेख उतरायला लागला. घरट्यावर एक थेंब नाही. बल्बाच्या उबेनं वरचा पत्रा कोरडा झाला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कैलासाचा पायथाही. पार्वती होती तेवढीच कललेली राहिली, पुढं गेली नाही. बायका येऊन म्हणाल्या की तळं काय नितळ झालंय. तुळसाबाईंनी फक्त हं केलं. खरं सांगतो, मला राग आला. कोणी केलं ते सांगायला यांच्या तोंडाला काय झालंय, असं मनात आलं.

दसऱ्याच्या सकाळी मी गेलो. सणाच्या दिवशी जायचं कारण नव्हतं, पण टाकी जाणार हे ठरलेलं होतं आणि ती हलवताना मी नसलो तर सांधे निखळतील, असं मी माझ्या बायकोला सांगून निघालो. दारात बैलगाडी उभी होती, गवत पसरून तयार. आत माधवराव धोतर सावरत फिरत होते. मी टाकीपाशी वाकलो. अंडी फुटली होती. तिळाएवढी पिल्लं, प्रत्येकाला दोन डोळे आणि बाकी काहीच नाही, फेसाखाली लोंबत होती, काही तर सुटून पोहायलाही लागली होती. नर बिचारा खाली पडणाऱ्याला तोंडात धरून पुन्हा वर नेऊन ठेवत होता. खिडकीत कमळाक्का होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, इतकी लहान आहेत, गाडीत हलवली तर वाचतील का. मी तिला खोटं सांगू शकलो असतो. नाही म्हणालो. तिनं मान हलवली, पुन्हा माशांकडे बघत राहिली आणि एकदाच म्हणाली, "मग मला आधी का दाखवलंस रे देवा." ते तिनं मला म्हटलं नव्हतं, पण मलाच लागलं.

मी माधवरावांना सांगून बघितलं. महिनाभर थांबा, पिल्लं मोठी होऊ द्या, मग मी स्वतः टाकी पोचवतो. ते म्हणाले, साहेब बदलीवर निघालेत, आज गेली तर गेली. मग त्यांना काय सुचलं कोणास ठाऊक, बहुधा मला गप्प करायला असेल. आईकडे वळून म्हणाले, आणि असंही आता कोलूत जन्म झालाय. म्हणजे सोयर आलं. दसऱ्याची पूजा व्हायच्या आत टाकी घराबाहेर गेलेली बरी. हे बोलून ते स्वतःच थोडे हसले.

तुळसाबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या. बराच वेळ आतून डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आल्या तेव्हा हातात तबक होतं, त्यात नारळ, तांदूळ, खण, विड्याची पानं. कुंकवाचा करंडा तेवढा नव्हता, ते मी बघितलं. मला वाटलं त्या कोलूपुढे ठेवणार. त्या कोलूपुढून तशाच चालत गेल्या आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

तिथून त्या मुलाला म्हणाल्या, "सोयर म्हणतोस ना. मग बाळंतपण झालं. बाळंतिणीला ओटी भरल्याशिवाय घरातून हलवतात का? आणि ओल्या बाळंतिणीला तर कधीच नाही."

माधवराव म्हणाले, आई, तो मासा आहे.

"मासाच आहे. म्हणून तर." त्यांनी दाराच्या आत बघितलं. "कमळे, इकडे ये. माशाला पदर नाही. तुझ्या पदरात घालते."

त्या घरात आल्यापासून, मूल नाही म्हणून आणि मग नवरा नाही म्हणून, कोणी तिची ओटी भरली नव्हती. कमळाक्का दारात आली. तिचा हात नुकताच टाकीतून काढलेला, कोपरापर्यंत ओला. तिनं पदर पुढं केला, पण तो तिला धरता येईना, इतके हात कापत होते. काचेच्या पट्ट्या ठेवताना न कापलेले हात. तेव्हा तुळसाबाईंनी तबक खाली ठेवलं, एका हातानं स्वतः तो पदर धरला आणि दुसऱ्या हातानं त्यात नारळ घातला, तांदूळ घातले, खण घातला. माधवराव भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि पंच्यानं डोळे पुसत होते.

बाहेर बैल खुरं आपटत होते. गाडीवाल्याला परत पाठवायला मीच गेलो.